छायाचित्रांची नोंदवही : पेरुंगुडीच्या निमित्ताने



आजच्या व्याख्यानाचा विषय माझ्या व्यवसायापासून प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. माझा व्यवसाय भाषांतराचा. आणि आपल्यापैकी बहुतेक जण डिजिटल कॅमेऱ्याने छायाचित्रे घेणारे व ती स्वतःच्या संकेतस्थळावर मांडणारे आहेत. कॅमेऱ्याचे शास्त्र आपणांस शिकविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु छायाचित्र एकदा संकेतस्थळावर गेले की ते एकटे राहत नाही. त्याच्याखाली मजकूर येतो, त्याला नाव लागते, स्थळ व काळ लागतो, त्याच्या मालकीचा प्रश्न येतो. म्हणजे चित्र शब्दांच्या राज्यात येते; आणि त्या राज्यात भाषांतरकाराला दोन गोष्टी सांगण्यासारख्या असतात.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : छायाचित्र टिपल्याने छायाचित्रकाराचे काम निम्मेच होते. त्याला नाव, तारीख, ठिकाण, धनी आणि घर मिळाले म्हणजे ते पुरे होते. हे उरलेले निम्मे काम फारसे कठीण नाही. त्याची साधने बहुतांशी विनामूल्य आहेत. कठीण आहे ती केवळ नियमितपणाची सवय.

हे सारे पेरुंगुडीच्या निमित्ताने का सांगावयाचे, ते प्रथम पाहू. चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत वसलेले हे गाव. ‘पेरुम्’ म्हणजे मोठे आणि ‘कुडी’ म्हणजे वस्ती, असा त्याच्या तमिळ नावाचा अर्थ. २०११ मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज ते माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही येथे आहेत. या कचेऱ्यांच्या पश्चिमेस पल्लीकरणैची पाणथळ भूमी पसरलेली आहे. दक्षिण चेन्नईतील अनेक तलावांचे जादा पाणी पावसाळ्यात या सखल भागात उतरते आणि ओक्कियम मडुवू या प्रवाहाने बकिंगहॅम कालव्यात व पुढे कोवलमजवळ समुद्रास मिळते. तमिळमध्ये अशा भूमीला ‘कळुवेली’ असे म्हणतात. रोहित, झोळीवाले, चित्रबलाक, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, हळदीकुंकू बदके असे नाना पक्षी येथे दिसतात, आणि म्हणून कॅमेरा घेतलेली माणसेही दिसतात.

परंतु ही भूमी फार वेगाने आक्रसली. १९६० च्या दशकात पाच हजार हेक्टरांहून अधिक असलेला तिचा विस्तार पुढील पाच दशकांत एक-अष्टमांशाच्या आसपास येऊन ठेपला, असे अभ्यासक सांगतात. तिच्या अंगावर वसाहती उठल्या, तिच्यातून थोरैपाक्कम-पल्लावरम रेडियल रोड गेला, आणि पेरुंगुडीच्या बाजूस शहराच्या कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. २००७ मध्ये ३१७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर झाले. २०२२ मध्ये १,२४७ हेक्टरांहून अधिक क्षेत्राची नोंद रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींमध्ये झाली. अलीकडच्या वर्षांत साठलेला कचरा उपसून वेगळा करण्याचे कामही महानगरपालिकेने हाती घेतले. ज्या भूमीचे रूप असे सारखे पालटत आहे, तेथे घेतलेले प्रत्येक छायाचित्र हा एक दाखला असतो. दहा वर्षांपूर्वी पाणी कोठपर्यंत होते, अमुक कोपऱ्यात लव्हाळी होती की भराव पडला होता, हे पुढे कोणी विचारील तेव्हा उत्तर देण्यास छायाचित्र असेल. अट एकच : ते कोठले आणि कधीचे, हे ठाऊक असले पाहिजे. तारीख नसलेला दाखला कोणत्याही कचेरीत कोणी स्वीकारीत नाही.

ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींनी ओळखली होती. मुंबईत १८५४ मध्ये आणि मद्रासेत १८५७ मध्ये छायाचित्रण-संस्था स्थापन झाल्या. म्हणजे या कलेची हिंदुस्थानातील परंपरा पावणेदोनशे वर्षांची आहे. लिनियस ट्राइप नावाचा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतील एक अधिकारी १८५६ मध्ये मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमला गेला. त्याने अवजड कॅमेरा बैलगाड्यांतून नेऊन श्रीरंगम, मदुराई, तंजावर येथील वास्तूंची चित्रे घेतली. तंजावरच्या ज्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, त्याच मंदिराच्या पायथ्याशी असलेला जुना शिलालेख त्याने २१ चित्रे जोडून एकोणीस फुटांहून अधिक लांबीच्या पट्टीत उतरवून घेतला. थोड्याच वर्षांत खर्चाच्या सबबीवर सरकारने ते काम थांबविले. तरीही त्याची चित्रे आज अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. ती सुंदर आहेत म्हणून जपली गेली हे खरे. पण त्यांचा उपयोग होतो तो चित्रासोबत शीर्षक, स्थळ व काळ यांची नोंद राहिली म्हणून. याउलट, आपल्या घरातील जुन्या ट्रंकेत असे कितीतरी फोटो सापडतात की त्यांतील माणसे कोण आणि गाव कोणते, हे सांगणारे आज कोणी उरलेले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली बाब चित्राच्या पोटात असलेल्या नोंदीची. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर त्याची जन्मपत्रिकाही लिहीत असतो. दिनांक, वेळ, भिंगाची लांबी, छिद्राचे माप, उघडझापीचा वेग आणि सोय असल्यास अक्षांश-रेखांश हा तपशील ‘एक्झिफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने फाइलीतच साठविला जातो. ही पद्धत १९९५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने ठरविली. परंतु पत्रिका बिनचूक असावयाची तर घड्याळ बिनचूक हवे. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तेथील प्रवासात बदललेले घड्याळ तसेच राहिले, तर सकाळी साडेसहाला उडालेला थवा नोंदीत नऊ वाजता उडतो, आणि पक्ष्यांच्या वेळापत्रकाचा अभ्यास करणाऱ्याची दिशाभूल होते. यावर सोपा उपाय असा की, दिवसाच्या आरंभी मोबाइलवरील घड्याळाचे एक चित्र घेऊन ठेवावे. नंतर फरक आढळल्यास ‘एक्झिफटूल’ किंवा ‘डिजिकॅम’ यांसारख्या विनामूल्य साधनाने त्या दिवसाच्या सर्व चित्रांची वेळ एकदम दुरुस्त करता येते.

कॅमेरा जे लिहू शकत नाही, ते आपण लिहावयाचे असते : छायाचित्रकाराचे नाव, चित्राचे वर्णन, गाव, जिल्हा, राज्य आणि हक्काचे निवेदन. वृत्तसंस्थांच्या व्यवहारातून आलेली ‘आयपीटीसी’ नावाची ठराविक रकान्यांची पद्धत यासाठी जगभर वापरली जाते. आणि डिजिकॅम, डार्कटेबल, रॉथेरपी या विनामूल्य साधनांत असे तपशील भरण्याची सोय आहे. नाव व हक्क यांचा मजकूर एकदा साचा म्हणून तयार करून ठेवला की, चित्रे संगणकावर उतरवितानाच तो सर्वांना लावता येतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पुष्कळ समाजमाध्यमे चित्र स्वीकारताना ही आतील नोंद पुसून टाकतात. संकेतस्थळासाठी चित्र लहान करणारी काही साधनेही तसेच करतात. म्हणून जे फाइलीच्या पोटात लिहिले, ते पानावर चित्राच्या खालीही वाचता येईल असे लिहावे.

ठिकाण लिहिताना आळस करू नये. केवळ ‘पेरुंगुडी’ असे लिहिल्याने भागत नाही. कारण मदुराईच्या विमानतळाजवळ एक पेरुंगुडी आहे आणि तिरुचिरापल्लीकडेही आहे. आपल्याकडे वडगाव वा पिंपळगाव म्हटल्यावर ‘कोणते?’ हा प्रश्न येतो, तसेच हे. ‘पेरुंगुडी, चेन्नई, तमिळनाडू’ असे पूर्ण लिहावे, आणि शक्य तेथे आपण कोठे उभे राहून कोणत्या दिशेस पाहत होतो, हेही लिहावे. ‘रम्य सकाळ’ या मथळ्याने वाचकास काहीच कळत नाही. ‘रोहित पक्ष्यांचा थवा, पल्लीकरणै पाणथळ, रेडियल रोडवरून दक्षिणेकडे पाहताना’ एवढे लिहून पुढे तारीख घातली, तर तेच चित्र वीस वर्षांनीही बोलू शकेल. ज्याला काव्य लिहावयाचे आहे त्याने ते जरूर लिहावे. पण या ओळीच्या खाली.

फाइलींच्या नावांची एक पद्धत ठरवून घ्यावी. आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर ठिकाण आणि शेवटी अनुक्रमांक, अशी रचना केली की संगणक आपोआप कालक्रम लावतो. हे नाव रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे. देवनागरी नाव संकेतस्थळाच्या पत्त्यात चिन्हांच्या लांबलचक माळेत बदलते आणि इतरांना पाठविताना तुटते. पानावरील मजकूर मात्र मराठीत, आणि तोही युनिकोडमध्येच लिहावा. पूर्वी अनेक मराठी संकेतस्थळांनी आपापले खास टंक वापरून मजकूर घातला होता. ते टंक मागे पडले आणि आज ती पाने उघडली तर निरर्थक अक्षरांची रास दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी शोधयंत्रासही सापडते आणि दुसऱ्या संगणकावरही तसेच वाचता येते.

नावांविषयी थोडे अधिक बोलण्याचा मोह मला, माझ्या व्यवसायामुळे, आवरत नाही. ज्याला आपण रोहित किंवा अग्निपंख म्हणतो, त्याला तमिळमध्ये ‘पूनारै’ म्हणतात. ‘पू’ म्हणजे फूल आणि ‘नारै’ म्हणजे बगळ्या-करकोच्यांच्या थाटाचा पाणपक्षी. दोन्ही भाषांनी त्याचा रंगच पाहिला. एकीला अग्नी आठवला, दुसरीला फूल. संकेतस्थळावर ही दोन्ही नावे, इंग्रजी नाव आणि रोमन लिपीतील शास्त्रीय नाव अशी चारही दिली, तर पेरुंगुडीचा विद्यार्थी, भिगवणचा नावाडी आणि परदेशातील अभ्यासक अशा तिघांनाही ते पान सापडेल. शास्त्रीय नाव देण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या जांभळ्या पाणकोंबडीचे उदाहरण घ्या. पक्षितज्ज्ञांनी तिच्या जातीचे विभाजन केल्यावर भारतातील पक्ष्याचे इंग्रजी नाव बदलले आणि शास्त्रीय नावही वेगळे झाले. मराठी नाव तेवढे जागच्या जागी राहिले. सर्व नावे नोंदलेली असली की असा बदल सहज जुळवून घेता येतो. मराठी व प्रादेशिक नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी ठेवावा.

दुसरी बाब मूळ चित्राच्या जतनाची. कॅमेऱ्यात ‘रॉ’ आणि ‘जेपेग’ असे दोन पर्याय असतात. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली जेपेग पद्धत जागा वाचविण्यासाठी डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते. तिच्यात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मावतात. रॉ फाइलीत कॅमेऱ्याच्या कुवतीप्रमाणे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात. काळ्या चिखलात उभ्या असलेल्या पांढऱ्याशुभ्र बगळ्याचे पीस न् पीस दिसावयाचे असेल, तर हा फरक मोलाचा ठरतो. आणि तरीही उजेडाचे माप पांढऱ्या पिसांवरूनच घ्यावे, कारण एकदा पूर्ण पांढरा झालेला भाग कोणत्याही साधनाने परत आणता येत नाही. जेपेग फाइल दुरुस्त करून पुनःपुन्हा साठविली तर दर वेळी तिची थोडी झीज होते. म्हणून मूळ फाइलीला हात न लावता प्रतीवर काम करावे, हा नियम पाळावा. जाता जाता उजेडाविषयी एक स्थानिक सूचना : पाणथळ जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या पश्चिमेस असल्याने त्या बाजूने पाहणाऱ्याच्या पाठीशी सकाळचा सूर्य असतो. संध्याकाळी मात्र पक्ष्यांच्या केवळ काळ्या आकृती मिळतात.

प्रतींच्या बाबतीत छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. चेन्नईत या शेवटच्या अटीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. डिसेंबर २०१५ चा महापूर आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस आपणांपैकी अनेकांनी पाहिला आहे. एक हार्ड डिस्क घरी आणि दुसरी जवळच्याच कचेरीत ठेवली, तर सखल भागातील पाणी दोन्हींना एकाच रात्री गाठू शकते. एक प्रत पुण्यास वा नागपुरास नातेवाइकांकडे ठेवावी, किंवा सशुल्क दूरस्थ साठवणीचा आधार घ्यावा. वर्षातून एकदा प्रती उघडून पाहाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे समजणे धोक्याचे. येथील दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेल घातलेली घट्ट झाकणाची पेटीही याच काळजीचा भाग समजावी.

तिसरी बाब चित्राच्या घराची, म्हणजे संकेतस्थळाची. परक्याच्या ओसरीवर संसार मांडला की मालक केव्हा उठवील, याचा नेम नसतो. महाजालाचा अल्प इतिहासही हेच सांगतो. याहूची ‘जिओसिटीज’ ही सेवा २००९ मध्ये बहुतेक देशांत बंद झाली; गूगलची ‘पिकासा’ आणि ‘पॅनोरामिओ’ २०१६ मध्ये बंद झाल्या. फ्लिकरने २०१८ च्या अखेरीस विनामूल्य खात्यांवर एक हजार चित्रांची मर्यादा जाहीर केली. अशा सेवांचा उपयोग प्रसिद्धीसाठी अवश्य करावा. पण मूळ घर आपल्या स्वतःच्या डोमेन नावावर असावे. ते नाव संकेतस्थळ बांधून देणाऱ्या कारागिराच्या नावाने न नोंदविता स्वतःच्याच नावाने नोंदवावे, आणि नूतनीकरणाची तारीख विजेच्या बिलाप्रमाणे कोठेतरी लिहून ठेवावी. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी शेवटाचे पत्तेही मिळतात. पान उभारण्यासाठी २००३ पासून प्रचारात असलेले ‘वर्डप्रेस’ बहुतेकांस पुरेसे आहे. त्याची व त्याच्या जोडसाधनांची अद्ययावत आवृत्ती ठेवणे आणि संपूर्ण संकेतस्थळाची प्रत महिन्यातून एकदा घरी उतरवून घेणे, ही दोन पथ्ये मात्र पाळावीत. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये आपले पान विनामूल्य नोंदवून ठेवता येते. आपल्या पश्चात पान चालू राहील की नाही हे कोणास ठाऊक; तेथे निदान त्याची छबी तरी राहते.

पानावर चढवावयाचे चित्र मुळाएवढे मोठे असू नये. चोवीस मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी सहा हजार बिंदूंची असते. वाचकाच्या पडद्यासाठी दीड ते दोन हजार बिंदू सहसा पुरतात. चित्राचे वजन काही शे किलोबाइटांत राहील असे पाहावे. म्हणजे खेडेगावात, मोबाइलच्या क्षीण जोडणीवरही, पान उघडेल. गूगलने २०१० मध्ये प्रथम मांडलेली ‘वेबपी’ पद्धत जेपेगपेक्षा बहुधा कमी जागा घेते, आणि आजचे सर्व प्रमुख ब्राउझर ती ओळखतात. रंगांसाठी ‘एसआरजीबी’ हा पर्याय निवडावा, अन्यथा आपल्या पडद्यावर गुलाबी दिसणारा रोहित दुसऱ्याच्या पडद्यावर फिका दिसण्याचा संभव असतो. आणि प्रत्येक चित्रास ‘पर्यायी मजकूर’ अवश्य द्यावा. अंध वाचकाचे यंत्र हाच मजकूर त्यास वाचून दाखविते. ‘छायाचित्र क्रमांक बारा’ असे तेथे लिहिणे म्हणजे दारी आलेल्या पाहुण्यास दार न उघडणे होय. ‘उथळ पाण्यात एका ओळीत उभे असलेले गुलाबी पक्षी, मागे कचऱ्याचा उंच ढीग’ असे लिहिले, तर न पाहताही चित्र दिसते.

या शेवटच्या उदाहरणातील कचऱ्याचा ढीग मी मुद्दामच ठेवला आहे. पल्लीकरणैची पुष्कळ चित्रे अशी आहेत की त्यांत पक्षी, पाणी आणि आकाश एवढेच दिसते. ढीग, विजेचे मनोरे व इमारती चौकटीबाहेर ठेवलेल्या असतात. सौंदर्यासाठी चौकट निवडण्याचा अधिकार छायाचित्रकारास आहेच. परंतु त्या चित्रांवरून पन्नास वर्षांनी कोणी निष्कर्ष काढील की, २०२० च्या सुमारास येथे निसर्ग निर्वेध नांदत होता. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, प्रत्येक फेरीत निदान एक चित्र असे घ्यावे, ज्यात पक्ष्याबरोबर त्याचा शेजारही येईल. आणि तेही संकेतस्थळावर मांडावे. उजेड-अंधार सावरणे, कडा कापणे यास कोणी हरकत घेणार नाही. पण आकाश बदलणे, नको ती वस्तू पुसणे किंवा यंत्राकडून नवी वस्तू रंगवून घेणे असे काही केले असेल, तर तसे खाली स्पष्ट लिहावे. आज यंत्रे न झालेल्या घटनांचीही चित्रे तयार करतात. अशा काळात प्रामाणिक छायाचित्राचा आधार म्हणजे त्याची मूळ फाइल आणि त्याची खरी नोंद.

नोंदीचे हे मोल महाराष्ट्रातही दिसले आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची चित्रे देशभर फिरली. हा बदल केव्हा सुरू झाला आणि किती दिवस टिकला, या प्रश्नांवर निव्वळ गुलाबी रंगाचे चित्र मूक राहते. दिनांक असलेली चित्रांची मालिका बोलते. त्याच सुमारास नांदूरमधमेश्वर आणि लोणार, व २०२२ मध्ये ठाणे खाडी ही स्थळे रामसर सूचीत आली. भिगवण येथे उजनीच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात शेकडो कॅमेरे जमतात. या सर्व ठिकाणच्या छायाचित्रकारांनी आज सांगितलेली शिस्त पाळली, तर महाराष्ट्राच्या पाणथळींची एक मोठी नोंदवही, कोणत्याही सरकारी खर्चाविना, आपोआप तयार होईल.

चौथी बाब हक्काची. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती, आणि नोंदणी न करताही हक्क तिला प्राप्त होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. मात्र नोकरीचा भाग म्हणून किंवा कोणी मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्रांची मालकी, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः काम देणाऱ्याकडे जाते. तेव्हा असे काम स्वीकारताना दोन ओळींचा का होईना, लेखी करार करावा. आपले चित्र परवानगीविना कोणी वापरले, तर प्रथम सौम्य शब्दांत पत्र लिहावे. बहुधा तेवढ्याने काम होते. न झाल्यास ते चित्र साठविणाऱ्या सेवेकडे लेखी तक्रार करता येते, आणि कायद्याप्रमाणे तिला ते २१ दिवस रोखून धरावे लागते. त्या मुदतीत आपण न्यायालयाचा आदेश मिळवावयाचा असतो.

पण हक्क म्हणजे केवळ कुंपण नव्हे. आपण काय करू देता हे वाचकास सांगणे, हाही हक्काचाच वापर आहे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने २००२ च्या अखेरीपासून उपलब्ध आहेत. नामनिर्देशाच्या अटीवर सर्वांस मुभा, व्यापारी उपयोगास मनाई, बदलास मनाई असे त्यांचे प्रकार आहेत. विचारपूर्वक एक निवडून तो प्रत्येक पानावर लिहावा. परवान्याचा पत्ता फाइलीच्या आयपीटीसी रकान्यात भरला, तर २०२० पासून गूगलच्या चित्रशोधातही तो दर्शविला जाऊ शकतो. चित्राच्या मधोमध भले मोठे नाव उमटविण्याने चोर थांबत नाही आणि वाचक मात्र विटतो. कोपऱ्यात लहान नाव पुरे.

दुसऱ्यांचे हक्कही तितकेच महत्त्वाचे. पाणथळीच्या काठी मासे धरणारा, गुरे चारणारा किंवा कचऱ्यातून वस्तू वेचणारा माणूस हा दृश्याचा सजावटीचा भाग नाही. त्यास विचारून चित्र घ्यावे. तमिळ येत नसेल तर कॅमेरा दाखवून खुणेने विचारावे. आणि नकार मिळाल्यास तो मानावा. पक्ष्यांस नकार देता येत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत संयम आपणच पाळावयाचा. घरट्याचे नेमके अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देऊ नयेत. स्वतःच्या घरात घेतलेल्या चित्रांतूनही ते पुसून टाकावेत. राखीव वनाच्या हद्दीत परवानगीविना शिरू नये. ड्रोन उडविण्याचा विचार असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे अधिकृत नकाशात त्या जागेचा विभाग प्रथम पाहावा. चेन्नईचे विमानतळ येथून दूर नाही, आणि थव्यावर यंत्र नेणे तर कोणत्याही नकाशात क्षम्य नाही.

शेवटी, आपल्या नोंदवहीची काही पाने सार्वजनिक संग्रहांस द्यावीत, असे मी सुचवीन. पक्ष्यांच्या नोंदींसाठी ‘ईबर्ड’, सर्व सजीवांसाठी ‘आयनॅचरलिस्ट’ व ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’, आणि मुक्त परवान्याच्या चित्रांसाठी २००४ मध्ये सुरू झालेले ‘विकिमीडिया कॉमन्स’ ही साधने सर्वांस खुली आहेत. कॉमन्सवर दिलेल्या चित्राचा व्यापारी उपयोगही इतरांस करता येतो, हे जाणूनच तेथे द्यावे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तेथील एखाद्या लेखास आपले चित्र मिळाले, तर शाळेत शिकणाऱ्या मुलास आपल्या भाषेत माहितीही मिळेल आणि चित्रही.

एवढे सारे ऐकून आपणांस वाटेल की, हजारो चित्रे आधीच साठून राहिली आहेत. त्यांचे काय करावे? सर्व एकदम हाती घेऊ नयेत. या आठवड्यात दहाच चित्रे निवडावीत. त्यांची तारीख तपासावी, ठिकाण पूर्ण लिहावे, नावे भरावीत, परवाना ठरवावा, तीन प्रती कराव्यात आणि मगच ती संकेतस्थळावर चढवावीत. पुढच्या आठवड्यात आणखी दहा. वर्षअखेरीस पाचशेहून अधिक चित्रे अशी होतील की, ती आपल्यावाचूनही आपली ओळख सांगू शकतील. पेरुंगुडीच्या पाण्याची पातळी पुढील काळात कोठे असेल, हे आपल्या हाती नाही. ती आज कोठे आहे, हे मात्र आपण लिहून ठेवू शकतो.